इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर अडकतंय : एसएसडी की रॅम?

कळवा_फास्ट

मंडळी, जरा मदत हवी आहे.

घरचा पीसी असेंबल्ड आहे, २०२० मधला. सहा कोअरचा रायझन, बी४५० बोर्ड, ५०० जीबीची एसएसडी आणि रॅमच्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक. एक पहिल्यापासूनची, दुसरी गेल्या वर्षी सेकंडहँड घेऊन लावलेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यात मुलीचं इंजिनिअरिंग सुरू झालंय, म्हणून ठरवलं की एसएसडी साफ करून विंडोज ११ टाकू.

तर ते काही होईना. फाइल्स उलगडताना कधी २३ टक्क्यांवर थांबतं, कधी ७१ वर, आणि '०एक्स८००७०५७०' असा एरर देतं. म्हणे आवश्यक फाइल करप्ट आहे किंवा सापडत नाही. आयएसओ (विंडोज टाकायची मूळ फाइल) पुन्हा उतरवली, पेन ड्राइव्ह बदलला, यूएसबी पोर्टही बदलून झाला. एकदा चक्क पूर्ण इन्स्टॉल झालं, पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायला घेतला आणि निळा पडदा. वैतागून लिनक्स मिंट टाकायला गेलो तर त्याने 'इनपुट/आउटपुट एरर' दाखवून हात वर केले.

स्टेशनजवळच्या एका दुकानात नेलं. त्यांनी कॅबिनेट न उघडताच सांगितलं, "एसएसडी गेली, नवी टाका." पण एसएसडीचं हेल्थ ९६ टक्के दाखवतंय आणि स्मार्ट रिपोर्टमध्ये (एसएसडी स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) एकही एरर नाही. विंडोज १० होतं तेव्हा यूट्यूब, वर्ड, बँकेची कामं सगळं व्यवस्थित चालायचं. पैसे घालण्याआधी विचारतो, एसएसडीच असेल का?

तीन_पेट्रोल_पंप

एसएसडी बदला आणि मोकळे व्हा. रॅम खराब असती तर मशीन चालूच झालं नसतं, नुसते बीप वाजले असते.

बिटबावरी

@तीन_पेट्रोल_पंप, असं नसतं हो. रॅम पूर्ण मेली तर बीप. पण ८ जीबीमध्ये ६८ अब्जांहून जास्त बिट, म्हणजे ० किंवा १ ची घरं, असतात. त्यातला एक बिट बिघडला तर मशीन मजेत चालू होतं, गाणी वाजवतं, पत्ते खेळू देतं. व्हिडिओच्या एखाद्या फ्रेममध्ये एक ठिपका चुकीच्या रंगाचा आला तर तुम्ही उठून तक्रार करणार आहात का?

इन्स्टॉलेशनचं तसं नाही. विंडोजची मुख्य फाइल ही कित्येक जीबी दाबून बसवलेलं गाठोडं असतं. ते रॅममध्ये उलगडतं, आणि उलगडताना प्रत्येक तुकड्याचा हिशेब जुळतो का ते तपासलं जातं. दाबलेल्या फाइलमध्ये एक बिट इकडचा तिकडे झाला तर पुढचा अख्खा तुकडा वाया जातो. मग इन्स्टॉलर बिचारा एवढंच सांगू शकतो की 'फाइल करप्ट आहे'. फाइल पेन ड्राइव्हवर धडधाकट असते, ती बिघडते वाटेत.

@कळवा_फास्ट, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे 'कधी २३, कधी ७१'. आयएसओ किंवा पेन ड्राइव्ह खराब असेल तर गाडी दर वेळी त्याच फाइलवर अडकते. इथे अडकण्याची जागा फिरतेय, आणि दोन वेगळ्या ओएसमध्ये फिरतेय. माझा संशय रॅमवर.

एक फुकटचा प्रयोग करा. मिंट इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालवा. विंडोजची आयएसओ दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा आणि टर्मिनलमध्ये 'एसएचए२५६सम' चालवून तिचा हॅश काढा, म्हणजे फाइलचा आकडी ठसा, एक बिट बदलला तरी तो वेगळा येतो. मग पुन्हा काढा. पुन्हा काढा. मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर खरा हॅश दिलेला असतो. दर वेळी तोच पण चुकीचा आला तर डाउनलोड गंडलंय. दर वेळी वेगळा आला तर फाइल निर्दोष, मशीन खोटं बोलतंय.

ज्यांच्याकडे विंडोज चालू आहे त्यांनी 'सर्टयुटिल', मग 'हॅशफाइल', फाइलचं नाव आणि शेवटी 'एसएचए२५६' असं वापरायचं.

रात्रपाळी_ऐरोली

बिटबावरी यांना +१. फक्त एक मेख आहे. लिनक्स असो की विंडोज, एकदा वाचलेली फाइल मोकळ्या रॅममध्ये ठेवून देतात. फाइल लहान असेल आणि ती नेमकी खराब सेलवर जाऊन बसली असेल, तर दुसऱ्यांदा हॅश काढताना पेन ड्राइव्हला कुणी विचारतच नाही. रॅममधली तीच बिघडलेली प्रत पुन्हा मोजली जाते आणि 'तोच पण चुकीचा' हॅश मिळतो. म्हणजे आळ बिचाऱ्या डाउनलोडवर. त्यामुळे मध्ये मशीन रीस्टार्ट करा, किंवा रॅमपेक्षा मोठी फाइल घ्या.

दुसरी खूण लॉगमध्ये सापडते. आमच्या टीममधल्या एकाच्या मशीनवर पॅकेज टाकताना 'अशी फाइल नाही' असा एरर येत होता. पाथ नीट वाचला तर 'यूएसआर' फोल्डरच्या नावात आरच्या जागी पी. त्याने ते टाइप केलेलंच नव्हतं, इन्स्टॉलरने स्वतः लिहिलेलं. आरचा कोड ११४, पीचा ११२. फरक दोनचा, म्हणजे बरोबर एका बिटाचा. अशी 'शुद्धलेखनाची चूक' दिसली की सॉफ्टवेअरला शिव्या देणं थांबवावं.

अवांतर : मिंटचा तो इनपुट/आउटपुटवाला एरर पूर्ण वाचलात का? त्यात सल्ला असतो की सीडी पुसून बघा, हार्ड डिस्क जुनी झाली का ते तपासा, आणि मशीन जरा थंड जागी हलवून बघा.

मामलेदार_तर्री

थंड जागा? ठाण्यात? मे महिन्यात? कॅबिनेट घेऊन येऊरला जायचं का?

सेक्टर_सतरा

येऊरला माकडं रॅम काढून नेतील. वाशीला या, मॉलमध्ये बसा, एसी फुकट.

तीन_पेट्रोल_पंप

बरं बाबांनो, रॅम तर रॅम. मग सेकंडहँड स्टिकच खराब असणार. ती काढून फेका, धागा संपला.

निवृत्त_नेरूळकर

धागा एवढ्यात संपवू नका, मला थोडं लिहायचं आहे.

नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळायचो. त्या काळातल्या पीसीच्या रॅमवर आठाऐवजी नऊ चिप असायच्या. नववी पॅरिटीची. दर आठ बिटांमागे एक पहारेकरी. कुठे एक बिट फिरला की मशीन तिथल्या तिथे थांबायचं आणि पडद्यावर 'पॅरिटी एरर' लिहायचं. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीतसुद्धा ही सोय होती. पुढे स्वस्ताईच्या नादात नववी चिप गेली. इंटेलच्या १९९५ च्या ट्रायटन ४३०एफएक्स चिपसेटमध्ये तर पॅरिटीची सोयच नव्हती. घरगुती मशीनमध्ये तेव्हापासून रॅम चुकली तर सांगणारं कुणी उरलं नाही.

विंडोज ९८ सीडीवरून टाकताना कॅब फाइल (विंडोजच्या दाबून बसवलेल्या फाइल्सचं गाठोडं) वाचता येत नाही असा एरर यायचा. सगळे सीडी पुसत बसायचे, धोतराने, रुमालाने, कुणी टूथपेस्टने. लॅमिंग्टन रोडवरचा एक मेकॅनिक मात्र सीडीकडे बघायचाही नाही. आधी निम्मी रॅम काढायचा आणि इन्स्टॉल चालू करायचा. गेलं पुढे तर काढलेल्या निम्म्यात दोष. नाही गेलं तर आत राहिलेल्यात. मला वाटतं आजही यापेक्षा मोठं शास्त्र लागत नाही.

ज्यांना गंभीर काम करायचं आहे त्यांनी ईसीसी रॅमचा विचार करावा. एक बिट चुकला तर ती स्वतः दुरुस्त करते, दोन चुकले तर निदान ओरडते. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने जानेवारी २०२१ मध्ये याच विषयावर इंटेलला भरपूर सुनावलं होतं, की घरगुती मशीनला ईसीसी न देऊन तुम्ही सगळ्या जगाचं नुकसान केलंत.

मामलेदार_तर्री

काका, टूथपेस्टवर वेगळा धागा हवा.

शून्य_एक

रॅममधला बिट अंतराळातून आलेल्या किरणांमुळेही उलटतो. बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत स्खारबेक नावाच्या भागात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त मिळाली. शक्य होती त्यापेक्षाही आकडा मोठा आला म्हणून लक्षात आलं. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात, एक बिट उलटल्याची सही! यंत्रात दोष सापडला नाही, तेव्हा किरणांवर संशय गेला. कळवा_फास्ट, तुमच्या घरी किरण तर येत नाहीत ना?

तीन_पेट्रोल_पंप

कळव्याला पाणी वेळेवर येईना, किरण कुठून येतात.

सेक्टर_सतरा

मतदान यंत्रं आली धाग्यात. आता पॉपकॉर्न घेऊन बसतो.

बिटबावरी

कृपया यंत्रांवर जाऊ नका, धाग्याचं काश्मीर होईल.

किरणांचं खरं आहे, पण ते या घरातलं दुखणं नव्हे. तसा उलटलेला बिट एकदाच उलटतो, पुढच्या वेळी सगळं ठीक. दर इन्स्टॉलला रडणारं मशीन म्हणजे कायमचा दोष. गूगलने आपल्या सर्व्हरांच्या रॅमचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये एरर दिसले, आणि त्यातले बरेचसे अशा कायमच्या दोषाचे असल्याची चिन्हं होती. किरणांना आपण उगाच बदनाम करतो.

दुकानवाला_कोपरखैरणे

दुकानदारांवर जाता जाता टोला मारलात म्हणून लिहितो. माझं कोपरखैरणेला रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे.

गिऱ्हाईक येतं तेव्हा त्याला मशीन संध्याकाळी हवं असतं. रॅमची खरी टेस्ट रात्रभर चालते. १६ जीबीला एक फेरी पूर्ण व्हायलाच तास-दीड तास लागतो, आणि दोष कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दिसतो, कारण मशीन तोवर तापतं. "उद्या या" म्हटलं तर लोक शेजारच्या दुकानात जातात आणि तिथे अर्ध्या तासात नवी एसएसडी बसते. एसएसडी बदलून रॅमचा दोष जात नाही हे त्यांना घरी गेल्यावर कळतं. निदानाचे पैसे मागितले की तोंड वाकडं होतं, पार्टचे पैसे मात्र न बोलता देतात. असो.

आता कामाचं.

मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाका. फुकट आहे, आणि २०२२ च्या ६.०० आवृत्तीपासून नव्या यूईएफआय बोर्डांवरही चालतं. प्लस नसलेलं मेमटेस्ट८६ हे वेगळं, पासमार्क कंपनीचं. तेही चांगलं आहे, फुकट आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात. बूट होत नसेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट तेवढ्यापुरतं बंद करा.

आधी दोन्ही स्टिक लावून चालवा. लाल ओळ एक आली तरी नापास. 'फक्त दोनच एरर आहेत' असं लोक समाधानाने सांगतात. रॅममध्ये पासिंग मार्क शून्य चुकांचे असतात.

मग मशीन बंद, मागचा स्विच बंद, वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. एक स्टिक काढा. उरलेली प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर एकच स्टिक तिथे लावायची असते. टेस्ट. मग तिथेच दुसरी स्टिक. टेस्ट. स्लॉट तोच ठेवायचा, नाहीतर स्टिक खराब की स्लॉट खराब ते कधीच कळणार नाही.

विंडोजच्या पोटातली 'एमडीशेड' नावाची मेमरी टेस्ट हाताशी असेल तर चालवा, एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा. पण तिने पास केलं म्हणून विश्वास ठेवू नका. तिने पास केलेल्या आणि मेमटेस्टने नापास केलेल्या स्टिक माझ्या खणात पडल्या आहेत.

घोडबंदरकर

सगळे रॅमच्या मागे लागलेत म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. अडकण्याची जागा बदलते याचा अर्थ रॅमच असा नाही. पॉवर सप्लाय थकला असेल तरी हेच होतं, सीपीयू तापत असेल तरी हेच. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरांचं प्रकरण आठवा. गेम सुरू करताना डेटा उलगडायची वेळ आली की एरर, ड्रायव्हर इन्स्टॉल होईना, आणि संदेश काय तर 'व्हिडिओ मेमरी संपली'. लोकांनी रॅम बदलली, ग्राफिक्स कार्डं बदलली. निघालं काय, तर प्रोसेसरला जास्त व्होल्टेज जात होतं. इंटेलने मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

आमच्या बाजूला पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट लपलप करते. स्वस्तातला एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लाय) असेल तर रॅमला नावं ठेवण्याआधी त्याच्याकडे बघा.

बिटबावरी

@घोडबंदरकर, मुद्दा मान्य, म्हणूनच मेमटेस्ट. फक्त लाल ओळी आल्यावर त्या कशा आल्या ते वाचायला हवं. एकाच पत्त्याला (रॅममधल्या एकाच जागेला), एकच बिट, प्रत्येक फेरीत, म्हणजे स्टिकमधला सेल मेलेला. पत्ते सगळीकडे विखुरलेले पण बिट तोच, तर पिन, स्लॉट किंवा एखादी डेटा लाइन. आणि पत्ते, बिट काहीच जुळत नाही, दर वेळी नवीन चित्र, तर तुम्ही म्हणता तसं व्होल्टेज, उष्णता किंवा रॅमचा वेग.

@कळवा_फास्ट, बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी, म्हणजे रॅमला जास्त वेगाने चालवणारं प्रोफाइल, चालू आहे का? स्टिकच्या डब्यावर ३२०० लिहिलेलं असलं तरी तो वेग बऱ्याचदा प्रोफाइल चालू केल्यावरच मिळतो, आणि तेव्हा व्होल्टेज १.२ चं १.३५ होतं. वेगवेगळ्या कंपनीच्या दोन स्टिक त्या वेगाला एकत्र नांदतीलच याची हमी कुणी देत नाही. प्रोफाइल बंद करूनही टेस्ट घ्या.

तीन_पेट्रोल_पंप

डब्यावर ३२०० लिहून ३२०० ला चालत नसेल तर ती फसवणूक नाही का?

दुकानवाला_कोपरखैरणे

एकटी चालत नसेल तर फसवणूक, बदलून मागा. दुसऱ्या कंपनीच्या स्टिकबरोबर चालत नसेल तर तो तुमचा प्रेमविवाह.

अकाउंट्सवाल्या_ताई

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून सांगते. नौपाड्यात आमचं छोटं ऑफिस आहे, जीएसटी आणि टीडीएसची कामं. एका मशीनवर रिटर्न भरायची युटिलिटी टाकायला गेलं की झिप करप्ट असल्याचं यायचं. दुसऱ्या मशीनवर तीच झिप व्यवस्थित उघडायची. आम्ही काय केलं, दुसऱ्या मशीनवर उघडून फोल्डर पेन ड्राइव्हने आणून ठेवायचो. काम चालत होतं.

मार्चअखेरीला एका पक्षकाराचा जुना बॅकअप हवा झाला, तर तो उघडेना. त्याच मशीनवर घेतलेला. मग एकेक बॅकअप तपासत बसलो. काही चांगले, काही गेलेले, कशाचा मेळ नाही. पुढे रॅमच निघाली. इन्स्टॉल होत नाही ते निदान तोंडावर तरी सांगतं. फाइल कॉपी होताना, झिप होताना जे बिघडतं ते कुणीच सांगत नाही. कळवा_फास्ट, तुम्ही एसएसडी साफ केलीत म्हणता. फोटो वगैरे कुठे हलवलेत?

कळवा_फास्ट

ताई, आता पोटात गोळा आला. सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकलेत, याच मशीनवरून. आधी मेमटेस्ट लावतो. बिटबावरी, डीओसीपी चालू आहे, आधी तसंच चालवतो.

शून्य_एक

तोवर कुणीतरी रबराचा उपाय सांगा. अजून कसा आला नाही?

मामलेदार_तर्री

मीच सांगतो. स्टिक काढायची, सोनेरी पिना खोडरबराने घासायच्या, फुंकर मारायची, परत लावायची. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे पीसी यावर चालतात.

रात्रपाळी_ऐरोली

फुंकर मारू नका हो, तोंडातली वाफ आणि थुंकी आत जाते. आणि रबराने सोन्याचा मुलामा झिजतो, बारीक चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड घ्या, पूर्ण वाळू द्या.

दुकानवाला_कोपरखैरणे

पुस्तकात तेच लिहिलंय. पण खाडीजवळच्या घरांतून येणाऱ्या मशीनच्या पिनांवर काळपट थर असतो, तो नुसत्या अल्कोहोलने हलत नाही. मऊ पांढरं रबर, हलक्या हाताने, स्लॉटपासून लांब, मग अल्कोहोल. वर्षानुवर्षं करतोय. शाईचं खरखरीत रबर मात्र नको. आणि घासून मशीन चालू झालं म्हणजे दोष गेला असं धरू नका, रात्रभर टेस्ट लावाच.

रात्रपाळी_ऐरोली

मला पटलेलं नाही, पण खणातल्या स्टिक तुमच्या आहेत, माझ्या नाहीत.

निवृत्त_नेरूळकर

मे आणि वुड्स या इंटेलच्या दोन संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवलं होतं की चिपच्या सिरॅमिक वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांमधून अल्फा कण निघतात आणि बिट उलटवतात. शून्य_एक यांनी किरणांचा विषय काढला म्हणून आठवलं. रबराशी याचा संबंध नाही.

कळवा_फास्ट

निकाल हाती आला आहे.

दोन्ही स्टिक लावून मेमटेस्ट चालवलं. पहिल्या फेरीत काही नाही. मी झोपायला गेलो. सकाळी पडदा लाल. जे हवं होतं ते म्हणजे सगळे एफ, आणि जे मिळालं त्यात एफच्या रांगेत एका जागी बी. पत्ते चार-पाचच, पुन्हा पुन्हा तेच. डीओसीपी बंद करून चालवलं, तरी तेच पत्ते, तोच बी.

मग दुकानवाल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे एकेक स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. सेकंडहँडवाली रात्रभर चालली, एकही लाल ओळ नाही. पहिल्यापासूनची, कोरी घेतलेली, तीच नापास. वेगळ्या स्लॉटमध्ये लावूनही नापास. पिना पुसूनही नापास.

तीन_पेट्रोल_पंप

म्हणजे सून निर्दोष, घरचा पोरगाच बिघडलेला.

बिटबावरी

एफ म्हणजे चारही बिट १, बी म्हणजे त्यातला एक ०. १ लिहिला तरी तो सेल ० च परत देतोय. पत्ता तोच, बिट तोच, वेग कमी केला तरी तोच, स्लॉट बदलला तरी तोच. स्टिक गेली, यात आता दुमत नको. घोडबंदरकर, तुमचा एसएमपीएस सुटला.

घोडबंदरकर

या वेळी सुटला.

कळवा_फास्ट

चांगल्या एका स्टिकवर विंडोज ११ पहिल्या फटक्यात बसलं. ड्रायव्हर, अपडेट सगळं. ८ जीबीवर जरा कण्हतंय, पण चालतंय.

आता दोन प्रश्न. खराब स्टिकवर 'लाइफटाइम वॉरंटी' छापलंय, पण पाच वर्षांपूर्वीचं बिल सापडत नाही. आणि ते फोटो.

दुकानवाला_कोपरखैरणे

बिल : ज्यांच्याकडून घेतलंत त्यांच्याकडे जीएसटी बिलाची नोंद असू शकते, फोन नंबरवरून शोधायला सांगा. नाहीच मिळालं तरी कंपनीच्या साइटवर वॉरंटीचं पान असतं, तिथे स्टिकरवरचा सीरियल नंबर टाकून बघा. काही कंपन्या नुसत्या सीरियलवर घेतात, काही बिलावर अडतात. स्टिकर फाडू नका, खरवडू नका, त्यावर पेनने काही लिहू नका. मेमटेस्टच्या लाल पडद्याचा फोटो काढून ठेवा. किट म्हणून दोन स्टिक एकत्र विकलेल्या असल्या तर बऱ्याच कंपन्या दोन्ही मागतात, तुमची एकटीच आहे तेव्हा तो प्रश्न नाही. सध्या रॅमचे भाव असे चढलेत की ही खटपट करणं परवडतं. आणि बदलून आलेली स्टिकही लावायच्या आधी टेस्ट करा, ती कधी कधी दुरुस्त केलेली असते.

सेक्टर_सतरा

माझ्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, त्याचं असं झालं तर काय?

रात्रपाळी_ऐरोली

@सेक्टर_सतरा, मग स्टिक काढायची सोय नाही, पण खराब पत्ते ठरावीक असतील तर ओएसला सांगता येतं की तेवढी जागा वापरू नकोस. लिनक्समध्ये बूट करताना 'मेममॅप' पॅरामीटर द्यायचा. विंडोजमध्ये 'बीसीडीएडिट'ने 'बॅडमेमरीलिस्ट' भरायची, तिथे पत्त्याऐवजी पानाचा क्रमांक लागतो, म्हणजे पत्ता भागिले ४०९६. (शून्य_एक, हा बेल्जियमचा ४०९६ नव्हे.) जुना लॅपटॉप वर्षभर ढकलायला ठीक. ऑफिसच्या हिशेबाला तो वापरू नका. खराब जागा वाढत गेली तर यादी जुनी होते आणि तुम्हाला कळतही नाही.

अकाउंट्सवाल्या_ताई

@कळवा_फास्ट, फोटोंचं सांगते, आम्ही बॅकअपचं केलं तसं. मोबाइलमध्ये, गूगल फोटोजमध्ये, कॅमेऱ्याच्या कार्डात, कुठेही मूळ प्रत असेल तर तीच खरी धरायची. बाहेरच्या डिस्कवरचं काही पुसायचं नाही, वर नव्याने काही लिहायचंही नाही. ज्यांची मूळ प्रत आहे त्यांचे हॅश दोन्हीकडे काढून जुळवा, आता चांगल्या रॅमवर ते भरवशाचे येतील. आमच्या ऑफिसातल्या मुलाने त्याची छोटी स्क्रिप्ट केली होती, हवी तर टाकायला सांगते. ज्यांची दुसरी प्रतच नाही ते एकेक उघडून बघावे लागतात. लहान थंबनेलवर जाऊ नका, तो फाइलमध्ये वेगळा साठवलेला असतो, तो छान दिसतो आणि मोठा फोटो अर्ध्यावरून करडा निघतो.

कळवा_फास्ट

ताई, स्क्रिप्ट नक्की टाका. मुलगी म्हणतेय तीच लिहिते, पायथन शिकवायला घेतलंय त्यांना. बहुतेक फोटो मोबाइलमध्ये आहेत. लग्नाचे मात्र सीडीवरून डिस्कवर घेतलेले, आणि ती सीडी कपाटाच्या वरच्या खणात आहे असं बायकोचं म्हणणं आहे.

मामलेदार_तर्री

सीडी आहे? मग टूथपेस्ट आणा.